दुसऱ्याचा गाल

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या माणसाला एक प्रश्न हटकून विचारला जातो. तुझ्या डोळ्यांदेखत तुझ्या आईवर, बहिणीवर वा लेकरावर कोणी शस्त्र उगारले तर तू काय करशील? हात जोडून उभा राहशील काय? पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली तेव्हा सदसद्विवेकबुद्धीला स्मरून बंदूक हाती घेण्याचे नाकारणाऱ्या तरुणांना चौकशी मंडळांपुढे उभे राहावे लागले. त्यांत क्वेकर होते, अन्य पंथांचे ख्रिस्ती होते, तसेच समाजवादीही होते. एखादा जर्मन शिपाई तुमच्या बहिणीवर चालून आला तर, असा सवाल त्यांना केला जाई. विचारणाऱ्याचा हेतू बहुधा उत्तर मिळविण्याचा नसे. समोरच्याला निरुत्तर करण्याचा असे. परंतु एखादा प्रश्न कपटाने विचारला गेला म्हणून तो खोटा ठरत नाही. ज्या घरांच्या कुडावर रात्री खरोखरच दगड पडतात, त्या घरांतील माणसे हा प्रश्न वादासाठी विचारीत नसतात. त्यांना उत्तर हवे असते, आणि ते त्याच रात्री उपयोगी पडेल असे हवे असते.

ख्रिस्ती शांतिवादाचा मुख्य आधार म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचन. एका गालावर कोणी मारले तर दुसरा पुढे करावा, ही तेथील आज्ञा ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक आहे. तथापि ती कोणाला उद्देशून आहे याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ज्याच्या गालावर तडाखा बसला त्यालाच ती सांगितली आहे. बाजूला उभ्या असलेल्या तिऱ्हाइताने शेजारणीचा दुसरा गाल पुढे करावा, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. स्वतःचा गाल पुढे करणे हा त्याग होऊ शकतो. दुसऱ्याचा गाल पुढे करणे हा भ्याडपणा असतो, आणि धर्माच्या वा तत्त्वाच्या नावाने तो केला की त्यात दांभिकतेची भर पडते. हा भेद पक्का ध्यानात धरला तर प्रियजनांच्या रक्षणाचा प्रश्न बराच उलगडतो. रक्षण करावे की नाही, हा वादाचा मुद्दाच राहत नाही. रक्षण हे कर्तव्यच आहे. ते कसे करावे आणि त्यासाठी स्वतःचे काय पणाला लावावे, एवढेच ठरवायचे उरते.

येशूला पकडण्यात आले त्या रात्रीची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. गेथशेमाने बागेत हत्यारबंद लोक आले तेव्हा पेत्राने तलवार उपसली आणि मुख्य याजकाच्या दासाचा कान छाटला. त्या दासाचे नाव मल्ख होते, असे योहान नोंदवितो. पेत्र काही राज्य जिंकायला निघाला नव्हता. तो आपल्या गुरूला वाचवू पाहत होता. म्हणजे प्रियजनाच्या रक्षणासाठी शस्त्र उचलण्याचा प्रसंग शुभवर्तमानातच येऊन गेला आहे. येशूने त्याला तलवार म्यान करायला लावली आणि, लूकच्या वृत्तान्तानुसार, त्या दासाचा कान बरा केला. परंतु योहानाच्या वृत्तान्तात त्याआधीची एक गोष्ट आहे. आलेल्या लोकांपुढे येशू स्वतः होऊन उभा राहिला, ज्याला शोधता तो मीच आहे असे त्याने सांगितले, आणि या माझ्या माणसांना जाऊ द्या अशी मागणी केली. प्रियजनांच्या रक्षणाचे दोन मार्ग त्या एकाच रात्री शेजारीशेजारी दिसतात. एक समोरच्याच्या अंगावर जाण्याचा, दुसरा आपल्या माणसांच्या पुढे जाऊन उभे राहण्याचा. दुसऱ्या मार्गात निष्क्रियता कोठे आहे? पुढे याजकासमोर एका शिपायाने येशूला थप्पड मारली तेव्हाही तो मुकाट राहिला नाही. कोणत्या अपराधासाठी मारतोस, असा जाब त्याने विचारला. प्रतिकार न करणे आणि अन्याय निमूट गिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून दिसते.

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती विचारवंतांपैकी टर्टुलियन, ओरिजेन यांसारख्यांनी शस्त्रधारणेला स्पष्ट विरोध केला. पुढे रोमन साम्राज्यानेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि प्रश्नाचे रूप पालटले. संत ऑगस्टिनने (३५४–४३०) जी मांडणी केली तीत एक मार्मिक भेद आहे. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी खाजगी माणसाने दुसऱ्याचा जीव घेणे त्याला मान्य नव्हते. परंतु इतरांच्या रक्षणार्थ, अधिकृत सत्तेच्या आज्ञेने शिपायाने शस्त्र चालविणे त्याला मान्य होते. म्हणजे शस्त्राला धर्मशास्त्राचा जो परवाना मिळाला तो स्वार्थाच्या नावाने मिळाला नाही, शेजाऱ्यावरील प्रेमाच्या नावाने मिळाला. हा युक्तिवाद हलका नाही. मात्र त्या परवान्यावर पुढे कोणकोणती युद्धे लढली गेली याची साक्ष इतिहास देतो. ‘आमच्या बायकामुलांच्या रक्षणासाठी’ असे म्हटल्यावाचून कोणत्याही आक्रमकाने आजवर सैन्य हलविलेले नाही.

सोळाव्या शतकात युरोपातील काही छोट्या पंथांनी हा परवाना परत केला. त्यांपैकी डर्क विलेम्स या डच माणसाची कथा प्रसिद्ध आहे. तुरुंगातून पळताना त्याचा पाठलाग करणारा शिपाई गोठलेल्या पाण्याचा थर फुटून आत पडला. विलेम्स मागे फिरला, त्याने त्याला वाचविले, आणि स्वतः पकडला जाऊन १५६९ साली जिवंत जाळला गेला. अशाच निःशस्त्र परंपरेतील एक पंथ १७०८ साली जर्मनीत स्थापन झाला. ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ हे त्याचे नाव. तो अमेरिकेत गेला आणि तेथून त्याचे मिशनरी १८९४ साली वलसाडला येऊन पोहोचले. डहाणू, व्यारा आणि डांगमधील आहवा येथे त्यांची ठाणी झाली. नवापूरच्या रेल्वे स्थानकात फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे; तेथून त्याच लोहमार्गाने पश्चिमेला गेले की व्यारा लागते. १९७० साली हा पंथ भारतात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाला. शस्त्र नाकारणाऱ्या ख्रिस्ती परंपरेचा एक धागा असा या जिल्ह्याच्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे.

आणि त्याच उंबरठ्यावर तिच्यापुढचा प्रश्नही उभा राहिला. १९९८ च्या नाताळात डांग जिल्ह्यात ख्रिस्ती आदिवासींची अनेक प्रार्थनाघरे फोडण्यात वा जाळण्यात आली. महिनाभरातच, जानेवारी १९९९ मध्ये, ओरिसातील मनोहरपूर येथे कुष्ठसेवक ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी पतीच्या आणि मुलांच्या मारेकऱ्यांना क्षमा केली व त्या बारिपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिल्या. क्षमा आणि कायद्याची कारवाई यांची मात्र त्यांनी गल्लत केली नाही. खटला चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. ती क्षमा थोर होती, याचे कारण ती त्यांची स्वतःची होती. ज्यांचे काही गेलेले नव्हते अशा कोणी त्यांच्याकडे ती मागितली असती, तर तो निर्लज्जपणा ठरला असता.

गांधीजींनी याच प्रश्नाला दिलेले उत्तर येथे आठवावे लागते, कारण तेही एका घरातच विचारले गेले होते. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये मीर आलम आणि त्याच्या सोबत्यांनी गांधीजींना बेशुद्ध होईपर्यंत मारले. जोसेफ डोक या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने त्यांना आपल्या घरी नेऊन शुश्रूषा केली. हल्लेखोरांवर खटला होऊ नये, अशी इच्छा गांधीजींनी व्यक्त केली. तो त्यांचा स्वतःचा गाल होता. परंतु थोरल्या मुलाने जेव्हा विचारले की, मी तेथे असतो तर काय करायला हवे होते, तेव्हा त्यांनी सांगितले की, बळ वापरूनही वडिलांचा बचाव करणे हे तुझे कर्तव्य होते. ११ ऑगस्ट १९२० च्या ‘यंग इंडिया’त त्यांनी ही आठवण देऊन आपली भूमिका मांडली: भ्याडपणा आणि हिंसा एवढे दोनच पर्याय उरले असतील तर हिंसा पत्करावी, अहिंसा मात्र तिच्याहून कितीतरी श्रेष्ठ. टॉल्स्टॉयने अप्रतिकाराचा जो निरपवाद अर्थ लावला होता, त्यापासून त्याचा हा शिष्य येथे थोडा दूर झाला. अहिंसेची पायरी भ्याडपणाच्या खाली नाही, हिंसेच्याही वर आहे, एवढे त्याने पक्के केले.

ही पायरी विसरली की काय होते, याचे उदाहरण शांतिवाद्यांच्याच घरातले आहे. जॉन हॉवर्ड योडर हा अमेरिकन मेनोनाइट धर्मचिंतक गेल्या शतकातील ख्रिस्ती शांतिवादाचा सर्वांत प्रभावी भाष्यकार मानला जाई. प्रियजनांवर हल्ला झाला तर काय करशील, याच प्रश्नावर १९८३ साली त्याचे स्वतंत्र पुस्तक निघाले. त्याच योडरने अनेक वर्षे कितीतरी स्त्रियांचे लैंगिक शोषण केले. त्याच्या शिक्षणसंस्थेला ते कळले होते, तरी प्रकरण दडपले गेले. १९९७ साली तो वारला. त्या संस्थेने स्त्रियांपुढे आपला दोष जाहीरपणे कबूल केला तो २०१५ साली. शस्त्रावर इतके चिंतन करणाऱ्या संस्थेला स्वतःच्या घरातील बलात्कारी वृत्ती रोखता आली नाही, याचे कारण उघड आहे. शांततेच्या नावाने स्त्रियांना गप्प बसविण्यात आले. गाल त्यांचा होता आणि तो पुढे करणारे हात मात्र दुसऱ्यांचे होते.

शस्त्राची बाजू घेणाऱ्यांनी यावर खूश होण्याचे कारण नाही. ‘रक्षण’ या शब्दाचा दुसऱ्या टोकाचा गैरवापर याच जिल्ह्यातील शहादे तालुक्याने भोगला आहे. तेथील बड्या जमीनमालकांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या. पिकाच्या राखणीसाठी नेमलेले हत्यारी राखणदार भिल्ल मजुरांना, विशेषतः शेतांतून जाणाऱ्या बायकांना, दहशत घालू लागले. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला. तेव्हा सर्वोदयाच्या संस्कारात घडलेले अंबरसिंग सुरतवंती आणि बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते यांच्यापुढे दोनच वाटा होत्या असे वरवर पाहता वाटेल: सहन करा किंवा तीरकामठा उचला. त्यांनी तिसरी वाट काढली. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, त्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली, गावोगावी तरुण मंडळे झाली. मजूर एकटा असेपर्यंतच राखणदाराची काठी चाले.

त्या चळवळीतील स्त्रियांनी तर प्रश्नाचा रोखच बदलला. अंगावर येणारा माणूस दर वेळी परका असतो, असे हा प्रश्न विचारणारे गृहीत धरतात. शहाद्याच्या मजूर बायकांचा अनुभव निराळा होता. हात उगारणारा बहुधा त्यांचा नवराच असे, आणि त्या हातामागे दारू असे. त्यांनी एकत्र येऊन गुत्त्यांवरील दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्याच्या दारात त्या जमावाने जात आणि त्याला सर्वांसमक्ष तिची माफी मागायला लावीत. ही सारी कृती काटेकोरपणे अहिंसक होती, असे म्हणता येणार नाही. प्रसंगी नवऱ्यांनी मारही खाल्ला. परंतु कोणाचा जीव घेण्याची गरज त्यांना पडली नाही, आणि बंद दाराआड मार खाणारी बाई एकटी राहिली नाही. ‘सहन कर, संसार टिकव’ हा उपदेश त्यांना पिढ्यान्पिढ्या ऐकविला गेला होता. तो त्यांनी धुडकावला, ही या जिल्ह्याने अहिंसेच्या विचारात घातलेली मोलाची भर आहे.

पुढे जाऊन उभे राहण्याचा मार्ग नंदुरबार शहरानेही पाहिला आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. पोलीस अधिकाऱ्याने मुलींच्या दिशेने बंदूक रोखली तेव्हा पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता तिरंगा घेऊन पुढे झाला, गोळी घालायची तर मला घाला असे त्याने बजावले, असे नंदुरबारात पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाचजण त्या गोळीबारात हुतात्मा झाले. शिरीषकुमारने गिरिप्रवचन वाचले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्याने स्वतःचा देह पुढे केला, मुलींना पुढे ढकलले नाही, एवढे त्याच्या कृतीने सांगितले. या मार्गात मरण येत नाही, असे कोणी भासवू नये. शस्त्राच्या मार्गातही ते येतेच. फरक इतकाच की, येथे ते दुसऱ्यांच्या नावावर टाकता येत नाही.

आता या जिल्ह्याच्या आजच्या कसोटीकडे वळले पाहिजे. सातपुड्यातील पाड्यांवर मूल दगावले, गुरे मेली, ताप हटेना, की अजूनही काही ठिकाणी भगताला विचारले जाते आणि एखाद्या बाईकडे बोट दाखविले जाते. ती डाकीण ठरते. अनेकदा ती विधवा असते, एकटी असते. कधी तिच्या वाट्याच्या जमिनीवर कोणाचा डोळा असतो. आरोप करणारे परके नसतात. भाऊबंद आणि शेजारीच असतात. तिला मारहाण होते, गावाबाहेर घालविले जाते, प्रसंगी ठारही केले जाते. तिच्या मुलाने काय करावे? त्याने तीरकामठा उचलला आणि चुलतभाऊ मेला, तर मुलगा तुरुंगात जातो, वैर पुढच्या पिढीत उतरते आणि ज्या आईसाठी शस्त्र उचलले ती पाड्यावर एकटी उरते. त्याने काहीच केले नाही तर आई जाते. अशा मुलाला अहिंसेचे प्रवचन देणारा कार्यकर्ता त्या रात्री त्या बाईच्या ओट्यावर झोपायला तयार नसेल, तर तो दुसऱ्याचाच गाल पुढे करीत आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

शुभवर्तमानात दगड घेऊन जमलेल्या गर्दीची एक कथा आहे. व्यभिचाराचा आरोप असलेल्या एका बाईला मारायला लोक जमले होते. येशूने गर्दीशी झुंज दिली नाही. गर्दीतल्या प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या पापाची आठवण दिली, आणि गर्दीची पुन्हा एकेक माणसे झाली. डाकीण प्रथेविरुद्ध सातपुड्यात काम करणारे कार्यकर्ते वेगळे काय करतात? आजाराचे खरे कारण सांगणे, ज्याचे मूल गेले त्या बापाचे दुःख ऐकून घेणे, गावच्या कारभाऱ्यांना आधीच गाठणे, भगताशी बोलणे, त्या बाईच्या घरी उघडपणे जेवणे, या कामाने जमाव जमण्यापूर्वीच विस्कटतो. रात्रीचे रक्षण दिवसा करावे लागते. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील ल शाँबों या डोंगरी गावाने आंद्रे त्रोक्मे या शांतिवादी धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने हजारो निर्वासितांना, विशेषतः ज्यूंना, आश्रय दिला. तेथेही घरोघरी आधीच ठरलेले होते की, कोण कोणाला ठेवून घेईल आणि शिपाई आले तर कोण कोणत्या रानात नेईल. निःशस्त्र रक्षणाला शिस्त लागते, संघटना लागते आणि आगाऊ तयारी लागते.

त्याला कायद्याचीही जोड हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. त्यात पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. धडगाव वा अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यावरील बाईला तो अधिकारी कोण हे माहीत आहे काय, तिचा निरोप त्याच्यापर्यंत किती वेळात पोहोचतो, हे प्रश्न शांतिवादाच्या बाहेरचे नाहीत. राज्याने रक्षणाची जबाबदारी टाळली की गरिबाला शस्त्र आणि शरणागती यांतूनच निवड करावी लागते. ती निवड त्याच्यावर लादणाऱ्यांनी मग त्याच्या हिंसेवर प्रवचने झोडू नयेत.

इतके सारे करूनही एखादा क्षण असा येईल की, तयारी अपुरी पडली, मदत आली नाही, आणि मुलाच्या हाती फक्त काठी आहे. भारतीय न्यायसंहितेची ३४ ते ४४ ही कलमे स्वतःच्या व दुसऱ्याच्या देहाच्या रक्षणाचा अधिकार मान्य करतात, मात्र गरजेपेक्षा अधिक इजा करू देत नाहीत. त्या मुलाला दोषी ठरविण्याचा अधिकार सुरक्षित अंतरावर बसलेल्या कोणाही शांतिवाद्याला नाही. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर हा शांततेचा पुरस्कर्ता हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर गेला. आपण करतो ते निर्दोष आहे, असा दावा त्याने केला नाही. इतरांसाठी दोष शिरावर घेण्याची त्याची तयारी होती. जीव घेणे पुण्य आहे असे न म्हणताही, अगतिक होऊन हात उचलणाऱ्याच्या पाठीशी उभे राहता येते. त्या क्षणाला नियम मानायचे नाही आणि त्या क्षणाचे दुकानही मांडायचे नाही, इतका विवेक राखला म्हणजे पुरे.

मित्रहो, समाजवादी कार्यकर्त्याला ख्रिस्ती शांतिवाद पटो वा न पटो, त्यातला एक धडा त्याने घेण्यासारखा आहे. अहिंसा ही पीडितांकडून वसूल करण्याची गोष्ट नाही. ती आधी स्वतः देण्याची गोष्ट आहे. ज्या पाड्यावर एखाद्या बाईचे नाव कुजबुजले जात असेल, तेथे या आठवड्यात कोण जाणार आणि कोण मुक्काम करणार, हे या वर्गातून उठण्यापूर्वी ठरले पाहिजे.